करकरणारा ब्रेक आणि न दिसणारी धूळ

'ब्रेक'ला मराठीत रुळलेला असा प्रतिशब्द नाही. 'गतिरोधक' म्हणावे तर लोकांच्या डोळ्यांसमोर रस्त्यावरचा उंचवटा येतो. लगाम घोड्याचा, अंकुश हत्तीचा, वेसण बैलाची. आवर घालण्याचे आपले सगळे जुने शब्द जनावराचे आहेत, चाकाचे नाहीत. याचे कारण मला असे वाटते की आपण चाकाला कधी थांबवतच नव्हतो. थांबवायचे ते बैलांना, मग चाक आपोआप थांबे. शेवटी इंग्रजी शब्द आला आणि इतका घरचा झाला की आता लग्नाच्या बोलणीलाही 'ब्रेक लागतो'.

गेल्या महिन्यात आमच्या गाडीचा ब्रेक करकरू लागला. पुण्याच्या भाच्याने फोनवर निदान केले, जावयांनी दुसरे केले. गाडी दुरुस्त झाली, पण त्या निमित्ताने जे वाचले आणि पूर्वीचे जे आठवले, ते गाडीपेक्षा मोठे निघाले. म्हणून हा लेख. शिकवायची खोड आहे, तेव्हा सुरुवात घाटापासून करतो.

सोयगावचे भौगोलिक दुखणे बाहेरच्यांना सांगावे लागते. आमचा तालुका अजिंठ्याच्या डोंगराखाली, खानदेशच्या अंगाला. जिल्ह्याचे ठिकाण, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, डोंगरावर. सरकारी कागद असो की मोठा दवाखाना, फर्दापूरला येऊन अजिंठ्याचा घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. हा घाट फार जुना. सप्टेंबर १८०३ मध्ये असईची लढाई हरल्यावर शिंद्यांच्या फौजा याच वाटेने खाली उतरल्या. मुलांना हा धडा शिकवताना मी तोफा, कवायती पलटणी, वेलस्ली सगळे सांगत असे. उतारावर लष्कराचे गाडे आवरणाऱ्या माणसांबद्दल पुस्तकात एक ओळ नव्हती.

भरलेली बैलगाडी चढावर बैलांना दमवते, पण मारते ती उतारावर. मागचे सगळे ओझे जुवावर येते, जू मानेवरून पुढे शिंगांकडे सरकते, आणि बैल खूर रोवून मागे रेलतात. आमच्या लहानपणी कापसाची गाडी उताराला लागली की दोन माणसे मागे दोर धरून चालत. कुणी गाडीमागे लाकडाचा ओंडका बांधून तो फरफटत नेई, कुणी चाकाच्या लोखंडी धावेवर आडवे लाकूड दोरीने आवळून धरी. त्या लाकडाचा वास मला अजून आठवतो. जळका, थोडा गोडसर. ब्रेक म्हणजे काय ते त्या वासात सगळे आले. पळणाऱ्या किंवा उतरणाऱ्या वस्तूतली शक्ती कुठे तरी जायलाच हवी, आणि घासण्याने तिची उष्णता होते.

किती उष्णता? आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी एकदा खडूने हिशेब करून दाखवला होता. हजार किलोची मोटार शंभर मीटर खाली उतरली आणि सगळा भार ब्रेकवर टाकला, तर त्या उष्णतेत साधारण तीन लिटर पाणी उकळीला येईल. आणि सपाटीवर वेग दुप्पट केला तर ब्रेकला पचवायची उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणून जुने चालक सांगत, ज्या गियरमध्ये घाट चढलात त्याच गियरमध्ये उतरा. इंजिन गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक थंड राहतात. आमच्या भागात बस आली ती एसटीच्याही आधी. निजामाच्या रेल्वे खात्याने जून १९३२ मध्ये २७ आल्बियन बसगाड्यांनिशी हैदराबाद संस्थानात बससेवा सुरू केली होती. मुंबई राज्याची एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) धावली, आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर आमच्याकडे पोहोचली. घाटाच्या तोंडाशी गाडी थांबवून चालक खाली उतरायचा आणि चाकांना हात लावून बघायचा, हे मी पाहिले आहे. असो.

मोटारीच्या पहिल्या ब्रेकची गोष्ट मात्र एका बाईची आहे आणि मला ती फार आवडते. ऑगस्ट १८८८. कार्ल बेंझ यांनी मोटार बनवली, पण विकत कोणी घेईना. त्यांची पत्नी बेर्टा नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या तीनचाकीतून मानहाइमहून फॉर्झहाइमला माहेरी निघाली. शंभरेक किलोमीटरचा प्रवास. वाटेत उतारांवर लाकडी ब्रेक झिजून गेले. तिने एका गावातल्या चांभाराकडे गाडी थांबवली आणि त्या लाकडावर चामडे ठोकून घेतले. आज ज्याला आपण लायनर म्हणतो तो जगातला पहिला लायनर तो, चांभाराने ठोकलेला.

चामड्याचीच कल्पना आणखी एकाला सुचली. इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा एक प्रवासी विक्रेता फिरत असे. १८९७ च्या सुमारास त्याने पाहिले की घोडागाड्यांचे चालक उतारावर ब्रेकच्या लाकडाला जुने बूट बांधतात. बूट चांगली पकड घेत, पण लवकर जळत. फ्रूडने घरामागच्या शेडमध्ये प्रयोग करून विणलेली जाड पट्टी चिकट द्रव्यात मुरवून तिचे लायनर बनवले. धंद्याला नाव देताना आपल्या आडनावातली अक्षरे उलटसुलट केली, त्यात पत्नी एलिझाबेथचे आद्याक्षर घातले, आणि झाले 'फेरोडो'. हे नाव आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांना अनोळखी नाही. त्याची शाखा पुढे मुंबईत आली, त्याकडे येतोच.

आता करकरीकडे. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. चाकाबरोबर फिरणारी धातूची तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे दोन तुकडे. आपल्या आजच्या गाडीत पुढच्या चाकांना हेच असते. पण लँचेस्टर यांनी चिमटणारे तुकडे तांब्याचे केले होते. तांबे भराभर झिजे, आणि धातूवर धातू घासून असा कर्कश आवाज निघे की रस्त्यावरच्या माणसांनी कानांवर हात ठेवावेत. (त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी ड्रम ब्रेक पुढे आणला. तो बंदिस्त, स्वस्त आणि शांत, म्हणून पुढची पन्नास वर्षे तोच चालला. आपल्याकडची फिआट, नंतरची प्रीमियर पद्मिनी, ही त्याच घराण्यातली.) त्या आवाजावरचा तोडगा १९०७-०८ च्या सुमारास फ्रूडकडूनच आला. त्याने लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस घातले.

ॲस्बेस्टॉस हा दगड आहे, पण त्याचे कापसासारखे तंतू निघतात. ते विणता येतात, आणि जळत नाहीत. ब्रेकला हवे ते सगळे त्यात होते. उष्णता सोसायची, पकड सोडायची नाही, डिस्क किंवा ड्रम खायचा नाही आणि आवाज करायचा नाही. शिवाय स्वस्त. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जगातल्या बहुतेक मोटारी, ट्रक आणि बस या दगडाच्या जोरावर थांबल्या.

आमच्या पिढीला त्याचे भय वाटण्याचे कारणच नव्हते. शाळेच्या प्रयोगशाळेत तिवईवर जी तारेची जाळी असे, तिच्या मधला पांढरा गोल ॲस्बेस्टॉसचा. मुले नखाने त्याचा भुगा काढीत. मी ज्या शाळांत शिकवले त्यांतल्या एका शाळेत तर वर्गावरचे पत्रेही तेच, सिमेंट-ॲस्बेस्टॉसचे. माकडांनी फोडलेला पत्रा शिपाई करवतीने कापायचा आणि खाली आमचा सातवीचा वर्ग चालू असायचा.

पण कळायला हवे त्यांना कळले होते, आणि ते फार पूर्वी. इंग्लंडातल्या रॉचडेल गावी टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात नेली कर्शॉ नावाची बाई ॲस्बेस्टॉसचे सूत काढायची. १९२४ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, ती वारली. फुप्फुसांत त्याच तंतूंचे कण सापडले. विल्यम कुक या डॉक्टरने तिच्या आजाराविषयी वैद्यकीय नियतकालिकात लिहिले आणि पुढे त्याला 'ॲस्बेस्टॉसिस' हे नाव मिळाले. कारखान्याने तिच्या कुटुंबाला भरपाई दिली नाही. १९३१ मध्ये ब्रिटनने ॲस्बेस्टॉस कारखान्यांतल्या धुळीसाठी नियम केले. आणि गंमत म्हणावी की काय म्हणावे, टर्नर ब्रदर्स ज्या समूहाचा भाग होती त्या टर्नर अँड न्यूऑल यांनीच १९२० च्या दशकात फेरोडो विकत घेतली. म्हणजे ब्रेक शांत करणारी कंपनी आणि नेलीला कामाला ठेवणारी कंपनी एकाच छपराखाली आल्या.

इतिहासाचा मास्तर म्हणून मला या तारखा शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही. १९२४ मध्ये मृत्यू, १९३१ मध्ये कायदा. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, स्वतंत्र भारतात, मुंबईच्या घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो हा कारखाना ब्रेकचे आणि क्लचचे लायनर बनवत होता. पुढे त्याचे नाव हिंदुस्थान कंपोझिट्स झाले, आणि त्याचा एक कारखाना आमच्याच जिल्ह्यात, पैठणच्या औद्योगिक वसाहतीत आला. ज्या घाटाबद्दल मी लिहितो आहे त्या घाटातून उतरणाऱ्या कित्येक गाड्यांना आपल्याच राज्यातल्या माणसांनी दाबून, भाजून, घासून तयार केलेले लायनर असतील. गाडी थांबते तेव्हा आपण चालकाला शाबासकी देतो. लायनर बनवणारा माणूस कुणाच्या मनातही येत नाही.

२००५ मध्ये डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या कामगारांच्या तपासणीवर निबंध प्रसिद्ध केला. दर पाचांतल्या साधारण एकाला ॲस्बेस्टॉसिस निघाला. हा आजार लबाड आहे. धूळ आज छातीत जाते आणि दम लागायला वीस-तीस वर्षे लागतात, कर्करोगाला त्याहूनही जास्त. तोवर माणूस निवृत्त होऊन गावी गेलेला असतो. गावातला डॉक्टर विचारतो, 'बिडी ओढता का?'

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी १९९५ चा निकाल मला महत्त्वाचा वाटतो. ग्राहक शिक्षण आणि संशोधन केंद्र या अहमदाबादच्या संस्थेने ॲस्बेस्टॉस कामगारांसाठी केलेली ती याचिका होती. न्यायालयाने सांगितले की कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याहून व्यवहाराची गोष्ट अशी की कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे, किंवा काम सोडल्यानंतर १५ वर्षे, यांतले जे उशिरा येईल तिथपर्यंत ठेवा, असा आदेश दिला. आजार लपून बसतो त्या मुदतीइतकाच कागदही टिकला पाहिजे, हा विचार त्यामागे होता. शाळेतली जनरल रजिस्टरे आम्ही जिवापाड जपायचो, पन्नास वर्षांपूर्वीचा दाखला मागायला कुणीतरी येणार म्हणून. नोंदीची किंमत मला वेगळी सांगावी लागत नाही.

ब्रिटनने १९९९ मध्ये आणि युरोपीय संघाने २००५ पासून ॲस्बेस्टॉस बंद केले. आपल्याकडे त्याचे खाणकाम थांबले, पण वापरावर सरसकट बंदी आलेली नाही. आयात होते, त्यातले बहुतेक पत्र्यांसाठी. मोटारीच्या ब्रेकमधून मात्र ते हळूहळू हटत गेले.

आता आमच्या गाडीकडे वळू. सोयगावात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे गॅरेज आहे. भूगोलात कच्चा होता, हात मात्र सोन्याचा. चाक काढून म्हणाला, "सर, पॅड संपले. हा आवाज गाडी मुद्दाम करते."

ते खरेच तसे आहे. पॅडला पोलादाची एक छोटी पट्टी लावलेली असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला टेकते आणि किंचाळते. नव्या पॅडची जाडी दहा-बारा मिलिमीटर असते, यावरून अंदाज घ्या. सगळीच करकर मात्र अशी नसते. पावसानंतर किंवा दवात उभी राहिलेली गाडी सकाळी दोन-तीन ब्रेक कुरकुरते, ती डिस्कवरच्या तांबेऱ्याची, आपोआप जाते. पॅड तापून तापून त्याच्या तोंडाला काचेसारखी झिलई चढते, तीही किणकिणते. धरणाऱ्या भागाच्या सरकत्या पिना कोरड्या पडल्या तरी आवाज येतो, तिथे उष्णतेला टिकणारे ग्रीस लागते. भ्यायचे ते 'खर्र खर्र' अशा जाड आवाजाला. त्याचा अर्थ पॅड पूर्ण संपून मागचे लोखंड डिस्कला लागले आहे आणि आता डिस्कचाही खर्च आला.

त्याने माझ्यासमोर तीन खोके ठेवले. एक अगदी स्वस्त, त्यावर बनवणाऱ्याचा पत्ताही धड नाही. तो मी हातानेच बाजूला सारला. बाकीच्या दोन्हींवर ठळक अक्षरांत 'ॲस्बेस्टॉस फ्री'. पेढ्याच्या पुड्यावर 'यात विष नाही' असे लिहिलेले पाहिले तर आपण दचकू. इथे ते वाचून मला बरे वाटले.

त्या दोघांत निवड अशी होती. एका पॅडमध्ये काचेचे आणि ॲरामिडचे तंतू राळेत बांधलेले. हा मऊ असतो, शांत असतो, डिस्कला जपतो, पण लवकर झिजतो आणि फार तापला तर पकड ढिली करतो. दुसऱ्यात लोखंडाचा चुरा भरपूर. हा उष्णता चांगली सोसतो, पण थंडीत कुरकुरतो आणि डिस्क खातो. सिरॅमिकचा तिसरा प्रकार शहरात मिळतो. शांत, धूळ कमी, किंमत जास्त. भाच्याने फोनवर सिरॅमिकचा आग्रह धरला, मी पहिला घेतला. आम्ही दोघे म्हातारे ताशी पन्नासच्या वर जात नाही आणि घाट तिसऱ्या-दुसऱ्या गियरमध्ये उतरतो, मग ब्रेक तापतोच कशाला? ज्याला रोज भरल्या गाडीने घाट उतरायचा आहे त्याने लोखंडाचा घ्यावा आणि कुरकुर ऐकून घ्यावी. आवाज नको म्हणून पकड सोडायची, हा सौदा मला पटत नाही.

दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदलायचे, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. नवे बसवल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक दाबायचा नाही, पॅडला डिस्कची ओळख होऊ द्यायची. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचे, ते हवेतले पाणी पिते आणि मग घाटात लवकर उकळते. नातेवाईकांसाठी हे मुद्दाम लिहितो आहे, विशेषतः नाशिककरांसाठी, ज्यांची गाडी मी दिवाळीत ऐकली आहे.

धुळीचा प्रश्न ॲस्बेस्टॉसबरोबर मिटला असेही नाही. आवाज बसवायला आणि उष्णता वाहून न्यायला पॅडमध्ये तांबे घालू लागले, तेच लँचेस्टरचे तांबे. त्याची पूड पावसाबरोबर ओढ्यांत जाते आणि माशांना बाधते, म्हणून अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०१० मध्ये कायदा करून २०२५ पासून पॅडमधले तांबे अर्ध्या टक्क्यावर आणायला लावले. युरोपच्या २०२४ मध्ये मंजूर झालेल्या नव्या नियमांत धुराड्याबरोबर प्रथमच ब्रेकच्या धुळीलाही मर्यादा घातली आहे.

माझ्या विद्यार्थ्याची जुनी सवय म्हणजे चाक काढले की हवेचा पाइप लावून सगळी काळी धूळ फुर्रकन उडवायची. बारा-तेरा वर्षांचे पोर शेजारी पाने धरून उभे असायचे. आता तो ओल्या फडक्याने पुसतो, पोराला लांब उभे करतो. सांगून ऐकणारा विद्यार्थी, तेव्हाही होता. पण हमरस्त्याच्या कडेला जुन्या ट्रकांचे ड्रम उघडतात तिथे अजून हवाच मारली जाते. त्या लायनिंगमध्ये काय आहे ते त्याच्या खोक्यावर लिहिलेले होते की नाही, हे आता कोण सांगणार? खोका कधीच चुलीत गेलेला असतो.